निळं ते बाद

१

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात मोठी शिवी कुठली, माहीत आहे? "तुमची चाळणी घाण आहे." बस्स, एवढीच. बाकी काहीही बोला, समोरचा हसून सोडून देईल. हे मात्र कुणी सोडून देणार नाही. आणि ही शिवी मी ताईला दिली. सख्ख्या मोठ्या बहिणीला.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्याकडे दगड येतात. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले, कापडी पिशव्यांत भरलेले, दिसायला अगदीच भिकार. ताई ते लोखंडी खलबत्त्यात जाडसर ठेचते आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवते. फारच हट्टी दगड असला तर त्यावर पेरॉक्साइड ओतते. मग तो फसफसतो, नरमतो आणि त्याचा चिखल होतो. समुद्राच्या तळाशी तो कधीकाळी चिखलच होता. हा चिखल बारीक चाळणीवर घ्यायचा, वरून पाण्याची धार सोडायची, बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. चिखल खाली वाहून जातो. जाळीवर उरतात ते शंख, वाळूच्या कणाएवढे, त्या समुद्रात जगून गेलेल्या जिवांचे. ते वाळले की माझ्याकडे येतात. मी ते काळ्या ताटलीत पसरते, सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून वेगळा काढते. त्या शंखांवरून आमचे सर दगडाचं वय ठरवतात. ताई धुते, मी वेचते. आमचा संसार म्हणा हवं तर.

आता निळ्याचं. चाळणी कितीही घासा, जाळीच्या एखाद्या भोकात एखादा शंख अडकून बसतोच. पुढच्या दगडाच्या वेळी तो सुटून आला तर कोट्यवधी वर्षांचा घोळ. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर चाळणी निळा रंग कालवलेल्या पाण्याच्या परातीत बुडवायची. आधीचं जे काही राहून गेलं असेल ते निळं होतं. पुढे कधी ताटलीत निळा दाणा दिसला की ओळखायचं, हा इथला नव्हे, मागच्या धुण्यातला राहिलेला. उचलायचा आणि टाकून द्यायचा. सरांनी धुण्याच्या खोलीत मोठ्या अक्षरांत पाटीच लावलीय: निळं ते बाद.

२

ती दुपार इतर कुठल्याही दुपारसारखी होती. वेचायच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही मी बंद ठेवते, कारण वाऱ्याची एक झुळूक आली की सकाळभराचं काम जमिनीवर. टेबलावर एका बाजूने पडणारा दिवा, ताटली, कुंचला, पाण्याची वाटी. भिंतीपलीकडे ताईच्या नळाची धार. ती धार ऐकत ऐकत वेचलं की डोळे उघडे असतानाही झोप लागल्यासारखं होतं. मला ते आवडतं. खोटं का बोलू?

पहिला निळा दाणा दिसला तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. उचलला, टाकला. मग दुसरा. मग एका कोपऱ्यात चार-पाच एकत्र. सुंदर होते मेले. बाकीचे सगळे दुधाळ पांढरे आणि हे निळेशार, वळणावळणाचे, जणू आत्ताच परातीतून काढलेत. टाकता टाकता माझा हात दुखायला लागला तेव्हा मी उठले.

"ताई, चाळणी घाण आहे तुझी."

नळ बंद झाला. ताईने हात पुसले, टॉवेल घडी करून ठेवला. ती चिडली की तिच्या घड्या फार नीट होतात.

"टिल्लू," ती म्हणाली, "तुझी दुपटी धुतलीत मी. तुझे शाळेचे गणवेश धुतलेत. घाण राहिलेली एक वस्तू दाखव, उद्यापासून घरी बसते."

"मग निळे आले कुठून? माझ्या माहेरून?"

"तुझं नि माझं माहेर एकच आहे, बावळट," असं म्हणत तिने चाळणी उचलून उजेडाकडे धरली. मी डोळा लावून पाहिलं. भोकन् भोक स्वच्छ होतं. पलीकडच्या गल्लीतली दोरीवरची चादर त्यातून दिसत होती. ताईने कपाटातून कोरी चाळणी काढली, पुडकंसुद्धा न फोडलेली, आणि त्याच पिशवीतला दुसरा दगड माझ्यासमोर धुतला. वाळवून मी तो ताटलीत घेतला.

पांढऱ्यांमध्ये निळे होतेच. आधीपेक्षा जरा जास्तच.

३

ताईबद्दल सांगायला हवं.

मी अगदी लहान असताना आमचं सगळं घर नावेतून पलीकडच्या तीरावर निघालं होतं. लग्न होतं कुणाचंतरी. मला गोवर आला होता म्हणून मला मावशीकडे ठेवलं. नाव मधल्या धारेत उलटली. आई, बाबा, दोघे काका, आजोबा, वऱ्हाडातली बाकीची माणसं, कुणी म्हणता कुणी परत आलं नाही. ताई आली. खूप खाली, नदीला एका बंधाऱ्याची लोखंडी जाळी होती, तिला अडकलेली सापडली. पंधरा-सोळा वर्षांची होती तेव्हा. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, देव तारी त्याला कोण मारी. ताई ते ऐकलं की उठून आत जायची.

तिने लग्न केलं नाही. मला वाढवलं. माझं जेवण, माझी शाळा, केस किती कापायचे, कुणाशी बोलायचं, सगळं तिने ठरवलं. या लॅबमध्ये ती आधी लागली आणि मग मला ओढून आणलं, कारण माझी नजर बारीक आहे हे तिला स्वेटरचे टाके उसवताना कळलं होतं. मी भांडते खूप तिच्याशी. सरांना वाटतं आमचं पटत नाही. पण खरं सांगायचं तर ताई नसलेलं घर कसं असतं हे मला माहीतच नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी चाळणीच वापरली नाही. म्हटलं, बघू या तरी. त्याच पिशवीतल्या दगडाचा तुकडा काचेच्या वाडग्यात भिजत घातला. वाडगं घरून आणलेलं, कोरं. पाणीही घरून उकळून आणलं होतं. ताई दारात उभी राहून हसली. "आता हातमोजेही घरी विणून आण," म्हणाली.

दगड निवांत विरघळला. मी गाळ तसाच ताटलीत घेतला. गढूळ पाण्यात निळे ठिपके दिसत होते.

मग मला राग आला. दगडाचा राग येणं शहाणपणाचं नव्हे, हे कळतं मला. मी छिन्नी घेतली, हातोडी घेतली आणि उरलेल्या दगडाचे मधोमध दोन तुकडे केले. ठेचला नाही, भिजवला नाही, पाण्याचा थेंब लावला नाही. नुकताच उघडलेला कोरडा करडा दगड सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कित्येक कोटी वर्षांत त्या जागेवर उजेड पडला नव्हता.

दगडात रुतलेला एक निळा शंख होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. मी सुईने कोरून काढला. त्याच्याखाली दगडावर त्याचा ठसा होता आणि तो ठसा निळसर होता.

मी दिवा बंद केला आणि थोडा वेळ अंधारात बसले. मी देवधर्म, भूतखेत काही मानत नाही. मला वेळ नसतो. मी फक्त आमच्या कामाची रीत धरून विचार केला. निळा म्हणजे आधीच्या धुण्यातला. म्हणजे हा दगड व्हायच्या आधी, हा चिखल तळाशी बसायच्याही आधी, कुणीतरी काहीतरी धुतलं होतं. आणि धुणारा माणूस व्यवस्थित होता. काम झाल्यावर त्याने चाळणी निळीत बुडवली होती.

धुणारा माणूस. माणूस म्हणाले मी. दुसरा शब्द सुचला नाही.

५

सरांना दाखवलं. सर भला माणूस, पोट सुटलेला, सतत पेपरमिंट चघळणारा. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हा या थरातला नाहीच," ते म्हणाले. "फार जुना आहे. खालचा एखादा थर झिजला, वाहून गेला, पार पुसला गेला. त्यातलं एवढंच टिकलं आणि नव्या चिखलात येऊन बसलं. असे पाहुणे सापडतात अधूनमधून. बाकीचे सगळे गेले, हे राहिले."

"पण निळे कसे, सर?"

"खनिज असेल. लोह, तांबं, काहीतरी."

"हा आपल्या परातीतला निळा आहे, सर. हुबेहूब."

सरांनी पेपरमिंट चावून टाकलं. एरवी ते कधीच चावत नाहीत. "हे बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पाहुणे ठेवले की वय चुकतं, सगळा हिशेब चुकतो. खरं की खोटं? मग निळं ते बाद. कुठून आलं, कुणी रंगवलं, हे विचारत बसू नका. काढा आणि पुढे चला."

धुण्याच्या खोलीच्या दारात ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आपले हात पाठीमागे घेतले.

६

त्या दिवसांत सगळंच जरा मऊ झालं होतं. हा शब्द मी जपून वापरतेय.

आमच्या बिऱ्हाडाकडे जाणाऱ्या दगडी जिन्याच्या कडा गोल झाल्यासारख्या वाटायच्या. पाय ठेवला की पायरी किंचित दबायची. एकदा दाराच्या चौकटीला टेकले तर अंगठा गिलाव्यात शिरला, भिजवलेल्या मातीत शिरावा तसा. घरमालकाला दाखवलं. तो म्हणाला, ओल आहे. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण ओलच असतं.

मग आवाज. दुपारी घर निवांत असलं की कपाटामागच्या भिंतीतून बारीक फसफस ऐकू यायची. मी कान लावला. हा आवाज मी रोज ऐकते. पेरॉक्साइड ओतल्यावर दगड असाच बोलतो. मी स्वतःला समजावलं की कानात तो बसलाय, दुसरं काही नाही. गिरणीत काम करणाऱ्याला घरीही गिरणी ऐकू येते, तसंच. पटलंही मला ते. पण ताई त्या भिंतीपासून आपली खाट ओढून खोलीच्या मध्ये घेऊन आली होती आणि का ते सांगत नव्हती.

रस्त्यावर माणसं हळू चालायची. वाहनं जायची, पण त्यांचा आवाज उशिरा पोहोचायचा. धूळ सगळीकडे सारखी बसायची, बंद खणांतसुद्धा, पिठासारखी मऊ. उजेड दिवसभर एकाच बाजूने यायचा. विजेच्या खांबाची सावली सकाळी जिथे पडायची तिथेच संध्याकाळी असायची. हे मी कुणाला बोलले नाही. सूक्ष्मदर्शकात दिवसभर डोळे घालणाऱ्या बाईने उजेडाबद्दल तक्रार केली तर लोक चष्म्याच्या दुकानाचा पत्ता देतात.

गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. सगळं झोपेतल्यासारखं, गोड, सैल. जरा कुठे टेकावं, हातपाय सोडून द्यावेत, विरघळून जावं, असं वाटायचं. भीती वाटली ती ताईची टाच पाहिल्यावर.

७

सुट्टीची दुपार होती. ताई खाटेवर आडवी झाली होती, पाय माझ्याकडे. तिच्या टाचांच्या भेगा निळ्या होत्या.

मी म्हटलं, परात सांडली असेल, अनवाणी चालली असेल. ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. निघेना. साबण आणला. मग घासणी.

"अगं, किती घासशील?" ताई जागी झाली. "कातडी आहे, कढई नव्हे."

"परात सांडलीस का?"

"नाही."

मी तिचे केस सोडले. भांगाची रेघ निळी होती. कानाच्या मागे निळं. खालचा ओठ ओढून पाहिला, आतून निळा. ताईने मला सगळं पाहू दिलं, घोड्याचे दात पाहावेत तसं. पाहून झाल्यावर म्हणाली, "तुला आत्ता दिसलं होय? एवढी बारीक नजर तुझी!"

"कधीपासून आहे हे?"

"पाण्यातून काढलं तेव्हापासून. आधी नखांच्या मुळाशी एवढंएवढंसं होतं. हल्ली वाढलंय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? घरात तू एवढीशी, नाक गळणारी. तुझं करू, की माझं निळं बघत बसू?" ती उठून बसली, केसांचा अंबाडा घातला. "सगळे गेले, टिल्लू. मी जाळीला अडकून राहिले. लोक म्हणाले, वाचली. मीही म्हटलं, बरं, वाचले. पण मला आतून कायम असंच वाटतं गं, की मी यातली नाही. मागच्यातली राहिलेय."

"काहीतरी बरळू नकोस."

"बरं, नाही बरळत."

ती खरंच गप्प बसली आणि मग मलाच राहवेना. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतकी मोठी बाई मी, पण ठेवलं. म्हटलं, "ताई, मी तुला कुणालाही देणार नाही. कुणाच्या बापाला देणार नाही."

ताई माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली. भिंत फसफसत होती. आज आवाज कपाटामागून नव्हता, चारी बाजूंनी होता.

८

दुसऱ्या दिवशी सर कुठल्याशा बैठकीला गेले होते. लॅबमध्ये आम्ही दोघीच. नळ वाहत होता. ताई मागच्या खोलीत पिशव्या लावत होती.

रात्रभर मी एकच विचार केला होता. आपण सगळेच भिजत पडलोय, म्हणजे मागून धुणारा आणि वेचणारा येणारच. वेचणारा काय बघतो? मला विचारा, मी आयुष्यभर वेचलंय. तो चेहरा बघत नाही, गुण बघत नाही, कुणी कुणाला वाढवलंय हे बघत नाही. तो रंग बघतो. ठीक आहे. मग मीही निळी. बाद करायचं तर दोघींना मिळून करा.

मी बाह्या वर सारल्या आणि परातीत हात घातले. कोपरापर्यंत. मग वाकून तोंडावर ओंजळ मारली, मानेवर, केसांवर. निळं पाणी पाठीत उतरलं. गार होतं.

"टिल्लू!"

ताई दारात. तिचा चेहरा पाहून मला लहानपणी काच फोडली होती तेव्हाची ताई दिसली. "काय करून बसलीस हे? महिना महिना निघत नाही तो रंग!"

"नकोच निघायला."

"मूर्ख आहेस तू. महामूर्ख!"

"आहे. तुझ्यासोबत मूर्ख आहे. तू जाशील तिथे मी येणार. विषय संपला."

ताई रागाने पुढे आली, मला नळाखाली ढकलायला. मी तिचा हात पकडला. तिच्या हाताचा निळा आणि माझ्या हाताचा निळा शेजारी शेजारी आला, आणि मला दिसलं की दोन्ही अगदी एकसारखे आहेत. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात नळाचा आवाज थांबला. धार वाहत होती, आवाज थांबला होता. सकाळपासून इथल्याही भिंतीत चालू असलेली फसफस थांबली. मग उजेड वाढला, एका बाजूने. खोलीतल्या वस्तू पुसट झाल्या, पुन्हा स्पष्ट झाल्या, पुन्हा पुसट झाल्या आणि मग इतक्या लख्ख झाल्या की मला बंद कपाटाच्या कडीवरचा एकेक ओरखडा मोजता आला असता. ही हालचाल माझ्या बोटांच्या ओळखीची आहे. सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवताना मी हेच करते.

छत कुठे गेलं ते मी पाहिलं नाही. वर पाहायची हिंमत नव्हती. डोळ्याच्या कडेला, नळाच्या जरा वर, एक टोक दिसलं. काळं, ओलं, काही केस एकत्र मिळून झालेलं. ते आमच्यावर येऊन थांबलं आणि किंचित थरथरलं. इकडे झालं, तिकडे झालं. वेचणारा गोंधळला की कुंचला असाच थरथरतो. मला कळत होतं तो काय बघतोय. दोन निळे दाणे एकमेकांना चिकटलेत.

असे दोन चिकटलेले असले की आम्ही ओढाओढ करत नाही. कवच फुटतं. आम्ही पाण्याचा एक थेंब सोडतो आणि वाट बघतो. बहुतेक वेळा ते आपोआप सुटतात.

"ताई, धर," मी ओरडले. "घट्ट धर!"

थेंब आला. आदळला नाही, नुसता आला आणि आम्ही त्याच्या आत होतो. गुदमरलं नाही. सगळं गार, निळसर आणि शांत. ताईचे केस सुटून तिच्या डोक्याभोवती पसरले आणि ती पंधरा-सोळा वर्षांची दिसायला लागली. ती माझ्याकडे बघून हसत होती, मी तापातून उठून पहिल्यांदा नीट जेवले होते तेव्हा हसली होती तशी. मी दोन्ही हातांनी तिचा हात धरला होता. देवाशप्पथ घट्ट धरला होता, नखं रुतवून.

पाण्याने आमचा हात सुटला नाही. हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. ताईनेच दुसऱ्या हाताने माझं एकेक बोट उचकटलं, आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं. मी नाही नाही म्हणत होते आणि ती उचकटत होती. ती माझ्यापेक्षा कायमच ताकदवान होती.

९

सर आले तेव्हा मी ओल्या फरशीवर बसले होते. नळ वाहत होता, आवाजासकट. सरांनी तो बंद केला, मला हाताला धरून उठवलं आणि ताई कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, गेली. त्यांना वाटलं भांडून गेली. पुढे शोधाशोध झाली, पोलीस आले, नदीकाठ पाहून झाला. मी सगळ्यांना जमेल तेवढं खरं सांगितलं. लोक माझ्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले.

सरांनी मला तेव्हाच बेसिनशी नेलं होतं. तोंड धुवा म्हणाले. साबण लागलाच नाही. साध्या पाण्याने सगळा रंग निघून गेला, पहिल्याच ओंजळीत, नखांच्या मुळाशीसुद्धा राहिला नाही. सर म्हणाले, नशीब. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. बिचाऱ्यांना अजून कळलेलं नाही त्यांचं काय चुकलं.

घर आता कडक आहे. पायऱ्यांच्या कडा पायाला टोचतात. सावल्या नीट फिरतात. घरमालक म्हणतो, ओल गेली. सगळ्यांचं छान चाललंय, आणि ज्यांचं चाललंय त्यांना आपण कशातून निघालो याचा पत्ताही नाही. धुणं आणि वेचणं आता मीच करते. निळा दाणा आला की टाकते. टाकावाच लागतो. आधी डोळे मिटून टाकायचे, हल्ली उघड्या डोळ्यांनी टाकते, आणि त्याची मला लाज वाटते.

पण दुःखापेक्षा मला राग जास्त येतो, हे सांगून टाकते. मी किती जेवायचं हे तिने ठरवलं. कुठल्या शाळेत जायचं तिने ठरवलं. थंडीत कुठला स्वेटर घालायचा, तेही. ते सगळं ऐकून घेतलं मी, कारण ती मोठी आणि मी लहान. पण त्या दिवशी मी लहान नव्हते. मी विचार करून, बाह्या सारून, आपल्या पायांनी परातीपाशी गेले होते. माझं ठरलं होतं. आणि तिथेही तिने तेच केलं, मला मागे ठेवून आपण पुढे गेली, जसं काही मला अजून गोवरच आलाय. संध्याकाळी दार उघडते, दिवा लावते, एकटीचं ताट घेते आणि भिंतीकडे बघून तिच्याशी भांडते. भिंत आता काही बोलत नाही. मी तुझ्यासोबत निघालेच होते की गं, ताई.